पेस्टो चिकन, श्रावण लागायच्या आत: प्रकल्प नोंदी

१ जून २०२५, रविवार

प्रकल्प काय ते आधी लिहून टाकते म्हणजे नंतर भरकटायला नको. ऑफिसातून घरी आल्यावर अर्ध्या तासात चिकनचं जेवण ताटात, बाहेरून न मागवता. रस्सा नको, कारण रस्सा म्हटलं की वाटण आलं, वाटण म्हटलं की कांदा-खोबरं भाजणं आलं, आणि हिंजवडीतून कर्वेनगरला पोचेपर्यंतच आठ वाजलेले असतात. तर एकाच तव्यात चिकन, त्यातच टोमॅटो, वरून पेस्टो (बेसिल म्हणजे इटालियन तुळशीच्या पानांची चीज घातलेली कच्ची चटणी), सोबत पाव नाहीतर भात. सोमवार-गुरुवार-शनिवार आमच्याकडे नॉनव्हेज नसतं, मंगळवार नवऱ्याचा असतो, म्हणजे बुध, शुक्र, रवी एवढेच वार हाताशी. यंदा श्रावण २५ जुलैला लागतोय. त्याच्या आत हे असं बसलं पाहिजे की मोबाइलवर रेसिपी न बघता हात चालेल.

अट एकच पण मोठी आहे. सासूबाई पूर्ण शाकाहारी, आणि पेस्टो त्यांनाही खाता आला पाहिजे, नुसतं आमच्यापुरतं करून त्यांच्यासमोर वेगळी पिठलं-भाकरी ठेवणं मला बरोबर वाटत नाही. म्हणजे चिकनचा तवा वेगळा आणि पेस्टोतलं चीज त्यांना चालणारं. खरं पार्मेजान हे इटालियन चीज वासराच्या जठरातल्या रेनेटनंच, म्हणजे दूध घट्ट करणाऱ्या एन्झाइमनंच बनवतात, तिकडचा नियमच आहे तो, त्यामुळे ते शाकाहारी नाहीच, आणि हे इथल्या कितीतरी शाकाहारी लोकांना माहीत नसतं. आपल्याकडच्या बहुतेक पॅकबंद चीजमध्ये मायक्रोबियल, म्हणजे सूक्ष्मजीवांपासून केलेलं रेनेट असतं, पाकिटावरचा हिरवा ठिपका बघायचा आणि घ्यायचं.

गॅलरीत मे महिन्यात सब्जा पेरलाय, फालुद्यात घालतात तोच, किराणा दुकानातल्या पुडीतला. वीतभर आलाय. त्याचं काय ते पुढे.

८ जून, रविवार

तुळशीबागेतून बिडाचा खोलगट तवा आणला, दहा इंची, दोन्ही बाजूंना कान. उचलताना मनगट बोलतं पण ते वजनच कामाचं, गार चिकन टाकलं तरी तवा गार पडत नाही. घरात नॉनस्टिक आहे पण त्याला फार तापवायचं नसतं, २६० अंशांच्या पुढे कोटिंगच खराब व्हायला लागतं, आणि चिकनला खरपूस रंग हवा तर तवा सणसणीत तापलेलाच पाहिजे. दुकानातले काका म्हणाले, "ताई, तीन दिवस पेजेत बुडवून ठेवा, मग अर्ध्या कांद्यानं घासून तेल पाजा." मी अर्धं त्यांचं अर्धं नवं असं करणारे, म्हणजे एक रात्र पेजेत, मग धुऊन गॅसवर कोरडा करायचा, तेलाचा हात फिरवून परत तेच तेल फडक्यानं पुसून काढायचं, धूर येईपर्यंत तापवायचा, गार करायचा आणि परत तेच. पुसणं महत्त्वाचं, तेल जास्त राहिलं की चिकट थर बसतो आणि तो मग जाता जात नाही.

तिथून चालत मंडईत. महात्मा फुले मंडईची इमारत १८८६ची, आणि आता तिथं ब्रोकोली-झुकिनीच्या शेजारी बेसिलच्या जुड्या पण मिळतात. "पिझ्झ्याची तुळस आहे ताई, दोनच राहिल्यात," मावशी म्हणाल्या. दोन्ही घेतल्या. घरी आणून फ्रीजमध्ये मात्र ठेवायच्या नाहीत, बेसिलला दहा-बारा अंशांच्या खालची थंडी सोसत नाही, दुसऱ्या दिवशी पानं काळी पडलेली असतात. देठ कापून पाण्याच्या ग्लासात ओट्यावर उभी ठेवली, वर सैल पिशवी. चार दिवस आरामात राहतात.

११ जून, बुधवार

आज नुसतं चिकन, पेस्टोबिस्टो काही नाही, कारण मला आधी मांस जमवायचं होतं. चिकनवाल्या भाऊंना सांगितलं की बोनलेस ब्रेस्ट द्या आणि प्रत्येकाचे आडवे दोन काप करा, बटरफ्लाय नको, पूर्ण वेगळे. अर्धा किलोचे चार पातळ काप झाले, साधारण दीड सेंटिमीटर जाडीचे. सगळा वेळ इथंच वाचतो. अख्खा ब्रेस्ट एका टोकाला जाड नि दुसऱ्या टोकाला निमुळता असतो, जाड टोक शिजेपर्यंत पातळ टोकाचं चामडं होतं, मग लोक म्हणतात ब्रेस्ट कोरडाच असतो.

सकाळी ऑफिसला जाताना एक चमचा मीठ आणि मिरपूड चोळून झाकून फ्रीजमध्ये ठेवलेलं. मीठ आधी लावलं की सुरुवातीला पाणी सुटतं आणि काही तासांत ते परत आत मुरतं, मांस आतपर्यंत खारं होतं आणि शिजताना रस धरून ठेवतं. संध्याकाळी काढून किचन टॉवेलनं टिपून टिपून कोरडं केलं, कारण पृष्ठभाग ओला असला की तव्याची सगळी उष्णता आधी ते पाणी उडवण्यात जाते आणि रंग येतच नाही.

तवा मध्यम-मोठ्या आचेवर, एक चमचा तेल, काप टाकले आणि हात लावायचा नाही. नवरा शेजारी उभा राहून "चिकटलं बहुतेक, उलट ना" असं सुरू. चिकटलेलं असतंच, पण खालून नीट भाजलं गेलं की आपोआप सुटतं, झाऱ्यानं टोकाशी उचलून बघायचं, येत नसेल तर अजून मिनिटभर थांबायचं. पहिली बाजू चार-साडेचार मिनिटं, दुसरी तीन. डिजिटल थर्मामीटर खुपसून मधोमध ७४ अंश आले की काढून ताटलीत, पाच मिनिटं तसंच ठेवायचं. थर्मामीटर हा फॅन्सी प्रकार आहे असं मलाही वाटायचं पण नाही, चिकन कच्चं राहील या भीतीनं आपण सगळे ते दुप्पट शिजवतो, आकडा दिसला की ती भीती जाते.

१५ जून, रविवार

पेस्टोचा दिवस. जरा सविस्तर लिहिते.

माप: बेसिलची नुसती पानं ६० ग्रॅम (दाबून भरलेल्या दोन वाट्या), काजू ३० ग्रॅम, किसलेलं चीज ४० ग्रॅम, लसणाच्या दोन छोट्या पाकळ्या, ऑलिव्ह तेल ८० मिली, मीठ अर्धा चमचा. मूळ इटलीतल्या जेनोव्हा शहरातल्या पेस्टोत पाइन नट असतात, आपल्याकडचा त्याचा भाऊ म्हणजे किन्नौरकडचा चिलगोजा, पण त्याचा भाव किलोला हजारांत आहे आणि पेस्टोत घातला तर कुणाला कळणार पण नाही. शेंगदाण्याची चव सगळ्यावर बसते. अक्रोडाच्या सालीचा कडवटपणा येतो. काजू गप्प बसतो आणि दाटपणा देतो, काजू फायनल. चीज मात्र प्रोसेस्ड क्यूब नको, गरम चिकनवर ते नुसतं वितळून चिकट होतं, कडक जुनं चीज हवं, हिरव्या ठिपक्याचं शोधलं की मिळतं.

सासूबाईंना सांगितलं की आई, इटलीत हे संगमरवरी खलात लाकडी बत्त्यानं करतात, आणि जेनोव्हात २००७पासून दर दोन वर्षांनी खलात पेस्टो करायची चक्क जागतिक स्पर्धा भरते. "स्पर्धा? कुटायची?" असं म्हणून त्या उठल्याच आणि माळ्यावरचा त्यांचा दगडी खलबत्ता नवऱ्याला काढायला लावला. मग अर्धं साहित्य त्यांच्याकडे आणि अर्धं माझ्या मिक्सरमध्ये.

त्यांनी आधी लसूण आणि जाडं मीठ, मग काजू, मग पानं थोडी थोडी, बत्ता आपटायचा नाही, कडेनं गोल फिरवत चिरडायचं, हे त्यांना सांगावं लागलं नाही. तेल शेवटी. अर्धा तास लागला. मी चटणीचं भांडं आणि पातं आधी वीस मिनिटं फ्रीजरमध्ये ठेवलेलं, कारण मिक्सर गरम होतो आणि पानं काळवंडतात, आधी काजू-लसूण-मीठ, मग पानं आणि तेल, थांबत थांबत फिरवायचं, चीज हातानं मिसळायचं. दोन मिनिटं.

निकाल असा की खलबत्त्यातला सरळ सरळ चांगला आहे, वास जास्त आणि पोत मऊ, कारण पानं कापली न जाता चिरडली जातात आणि तेल-चीज नीट एकजीव होतं. मिक्सरचा हिरवा रंग दिसायला भडक पण चव जरा चपटी. तरी आठवड्याच्या कामाला मिक्सरच, रोज कोण कुटणार. सासूबाईंचं मत: "बरंय, पण मिरची कुठाय यात?" त्यांनी त्यांचा वाटा थालीपिठाबरोबर संपवला.

१८ जून, बुधवार

आजचा प्रश्न एकच होता, पेस्टो कधी घालायचा. मुद्दाम दोन प्रकारे केलं. दोन काप तव्यात असतानाच आचेवर पेस्टो घालून तीन मिनिटं ठेवले, दुसऱ्या दोघांवर गॅस बंद करून मिनिटभर थांबून मग घातला. पहिल्यात पानं शेवाळी-काळपट झाली, चीजच्या गुठळ्या आणि तेल वेगळं, बेसिलचा वास जवळपास गायब. दुसरा हिरवागार, आणि तव्याच्या उरलेल्या उष्णतेनं तो पुरेसा सैल होतो. एक चमचा गरम पाणी घातलं की अजून छान पसरतो. पेस्टो शिजवायचाच नाही हे आता पक्कं. जेनोव्हातसुद्धा तो पास्त्यावर कच्चाच कालवतात, आणि खरं सांगायचं तर चिकनवर पेस्टो ही मुळात त्यांची पद्धत नाहीच, ते बटाटा आणि फरसबी घालून पास्ता खातात. चिकन हे नंतर बाकी जगानं जोडलेलं.

लेकीनं काळपट काप खायला साफ नकार दिला, हिरवा खाल्ला. एरवी उलटं असतं.

२० जून, शुक्रवार

पालख्या आज पुण्यात. घरूनच काम, घरात वरण-भात. नोंद नाही.

२७ जून, शुक्रवार

टोमॅटो. चेरी टोमॅटो दिसायला सुंदर पण मला ते रोजच्या स्वयंपाकाला पटत नाहीत, डबीत मोजून मिळतात आणि भाव ऐकून माणूस एकेक जपून खातो. आपल्याकडे नारायणगावचा टोमॅटो दीड-दोन तासांच्या अंतरावरून येतो, तो सोडून डबी कशाला. (जून-जुलैत याचाही भरवसा नसतो म्हणा, २०२३च्या जुलैत शंभरी पार केलेली सगळ्यांना आठवत असेल.) बाजारात दोन प्रकार असतात, लांबट जाड सालीचा संकरित आणि गोल, पातळ सालीचा, आंबट गावरान. लांबट तव्यात आकार धरतो पण रस देत नाही, गावरान चार मिनिटांत विरघळतो आणि मस्त आंबट रस सुटतो. दोन्ही मिसळून घेतले, लांबट दोनाच्या आठ फोडी आणि गावरान एक बारीक चिरून. बस्स, चेरीचा विषय बंद.

पद्धत: चिकन काढून घेतलं की त्याच तव्यात, आच मंद करून, थोडं तेल, टोमॅटो, चिमूटभर मीठ, चिमूटभर साखर. टोमॅटोच्या पाण्यानं तव्याच्या तळाला चिकटलेलं खरपूस सगळं सुटतं, ते उलथन्यानं खरवडून त्यातच मिसळायचं, खरी चव तिथं असते, ते धुऊन टाकणं म्हणजे पाप. पाच मिनिटांत आटोपायचं. बिडाच्या तव्यात आंबट पदार्थ जास्त वेळ ठेवला तर लोखंडाची चव उतरते आणि तवा पाजलेलं तेलही निघतं, म्हणून जेवण झाल्यावर उरलेलं त्यातच झाकून ठेवायचं नाही, लगेच स्टीलच्या डब्यात. हे नवऱ्याला दोनदा सांगितलंय.

४ जुलै, शुक्रवार

कांदेनवमी. कांदाभजी, कांद्याची थालीपिठं, झुणका, सगळं कांद्याचं. चिकन रद्द. रविवारपासून सासूबाईंचा चातुर्मास, म्हणजे चार महिने कांदा-लसूण-वांगं बंद.

आणि पेस्टोत लसूण आहे.

९ जुलै, बुधवार

दोन दिवस याच्यावर डोकं चालवलं. एक मार्ग असा की दोन पेस्टो करायचे, त्यांचा वेगळा आमचा वेगळा, पण मग रविवारचं काम दुप्पट. दुसरा मार्ग, लसूण पेस्टोतून काढूनच टाकायचा आणि तव्यात घालायचा. टोमॅटोच्या आधी, चिकनच्या उरलेल्या तेलात, चार पाकळ्यांचे पातळ काप, मंद आचेवर कडा सोनेरी होईपर्यंत, मग टोमॅटो. आज तसंच केलं.

आणि हे आधीपेक्षा चांगलं लागतंय! कच्चा लसूण पेस्टोत असतो तेव्हा पहिल्या दिवशी ठीक असतो, तिसऱ्या दिवशी डबा उघडला की सगळ्या फ्रीजभर तोच, बेसिल मागे. तव्यात परतलेला लसूण गोडसर होतो, टोमॅटोत मुरतो, आणि पेस्टो फक्त बेसिल-चीज-काजूचा स्वच्छ राहतो. शिवाय टिकण्याच्या दृष्टीनं पण हे शहाणपणाचं. कच्चा लसूण तेलात बुडवून ठेवणं ही धोक्याची गोष्ट, हवा न लागता बोटुलिझमचे जिवाणू वाढू शकतात, लसूणवाला पेस्टो बाहेर ठेवायचाच नाही, फ्रीजमध्येही चार दिवसांच्या आत संपवायचा. बिनलसणाचाही फ्रीजमध्येच ठेवायचा पण फ्रीजरमध्ये बर्फाच्या ट्रेत क्यूब करून ठेवला तर दोन-तीन महिने निवांत. चीज मात्र गोठवताना न घालता नंतर मिसळलं तर पोत बरा राहतो.

सासूबाईंनी विचारलं, "अगं, माझ्यासाठी म्हणून काढलास का लसूण?" म्हटलं, आई, सुरुवात तशीच झाली पण आता राहिलाच काढलेला, दिवाळीनंतर पण असाच.

१३ जुलै, रविवार

सब्जा. गोंधळ नको म्हणून आधी लिहिते, आपली अंगणातली तुळस ही वेगळी जात, ऑसिमम टेन्युइफ्लोरम, तिच्यात लवंगेसारखा तिखट वास असतो, तिचा पेस्टो करायचा नाही, आणि आमच्या घरात तर विषयच नाही. सब्जा म्हणजे ऑसिमम बेसिलिकम, इटालियन बेसिल ज्या जातीचं तीच जात, फक्त वाण वेगळा. कुंडीत आता गुडघ्याएवढा झालाय. पानं लहान, जरा खरबरीत, वासात बडीशेपेची छटा. नुसत्या सब्जाचा पेस्टो केला तर उग्र होतो. अर्धं मंडईचं बेसिल आणि अर्धा सब्जा केला तर छान, उलट चिकनवर नुसत्या बेसिलपेक्षा हेच मला जास्त आवडलं, कारण टोमॅटोच्या आंबटाला हा उग्रपणा पुरून उरतो. एक जुडी वाचली हे वेगळंच.

यंदा पाऊस मेमध्येच येऊन बसल्यामुळे कुंडीत पाणी साचतं आणि खालची पानं पिवळी पडून डाग येतात. कुंडी आत सरकवली, खालची पानं काढून टाकली, आणि मंजिऱ्या दिसल्या की लगेच शेंडे खुडतेय, एकदा फुलावर गेलं की पानं कडू होतात.

१६ जुलै, बुधवार

आज घड्याळ लावून. घरात शिरले ८:०५. हात धुऊन चिकन बाहेर, भाताचा कुकर लावला, तवा गॅसवर. टोमॅटो आणि लसूण चिरून होईपर्यंत तवा तापलेला, चिकन टिपून ८:१३ला तव्यात, मधल्या चार मिनिटांत पेस्टोचे तीन क्यूब वाटीत काढून त्यात चीज आणि चमचाभर गरम पाणी. ८:१७ला उलटलं, ८:२०ला ७४ अंश, ताटलीत काढलं. लसूण, मग टोमॅटो, खरवडणं, ८:२७ला गॅस बंद. चिकनमधून ताटलीत सुटलेला रस पण परत तव्यात ओतायचा, तो विसरायचा नाही. मिनिटभर थांबून पेस्टो, वर चिकन, ८:३०. कुकरचं झाकण त्याच सुमारास पडलेलं.

सासूबाईंना तोच पेस्टो, त्यांच्या कढईत बिनलसणाचा टोमॅटो आणि परतलेलं पनीर, ते दहा मिनिटांत शेजारच्या शेगडीवर. म्हणजे अर्ध्या तासात दोन जेवणं. पण हे फसवं गणित आहे हेही लिहून ठेवते, कारण रविवारी पेस्टो आणि सकाळी मीठ लावणं या हिशोबात धरलेलं नाही. "झटपट" रेसिप्या सगळ्या अशाच असतात, कुणाचा तरी रविवार त्यात मुरलेला असतो.

२० जुलै, रविवार

गटारी. अमावस्या गुरुवारी पडतेय म्हणून सगळ्या पुण्यानं आजच उरकली, चिकनच्या दुकानात सकाळी आठला रांग. दीर-जाऊ-मुलं जेवायला, मटण तिकडून आलं, पेस्टो चिकन माझ्याकडून, दीड किलो. इथं मोह होतो सगळं एकदम तव्यात कोंबायचा. नाही. दहा इंची तव्यात चारच काप मावतात, त्याच्यावर घातले की पाणी सुटून चिकन भाजण्याऐवजी उकडतं, पांढरटच राहतं. तीन खेपा केल्या, मधे तवा पुसून तेल. टोमॅटो एकदाच शेवटी, मोठ्या कढईत. जाऊबाई म्हणाल्या पावाबरोबर भारी लागेल, मग बेकरीतून लादी पाव आणला आणि तो त्याच टोमॅटोच्या रसात बुडवून सगळ्यांनी खाल्ला, भाताला कुणी विचारलं नाही. इथून पुढे पावच.

दिरांनी वरून लिंबू पिळलं. ते पण चांगलं लागलं, रेसिपीत घेतलं.

२३ जुलै, बुधवार

श्रावणाआधीचं शेवटचं. रेसिपी न बघता झालं, लेकीनं टोमॅटो चिरले आणि थर्मामीटर तिनंच खुपसला.

फ्रीजरमध्ये पेस्टोचे चौदा क्यूब आहेत. श्रावणात ते पनीरवर, उकडलेल्या बटाट्यावर आणि शनिवारी थालीपिठावर. पनीरला वेळ अगदीच कमी, प्रत्येक बाजूला दीड मिनिट, जास्त झालं की चिवट होतं. आणि श्रावणातलं पनीर या तव्यात नाही, सासूबाईंच्या कढईत. तवा तेल लावून वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवणारे, पावसात तसाच ठेवला तर गंज धरेल. सब्जाच्या दोन काड्या पाण्यात घातल्यात, मुळं फुटली की जाऊबाईंना द्यायच्या.